एचएसए घ्यावं का? आधी विमा योजना तपासा, मग खातं

प्रश्न असा आहे: नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी, मुक्काम न्यू जर्सीत एडिसनला. कंपनीचं ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा विमा निवडायचा काळ) चालू आहे आणि २०२६ साठी दोन योजनांपैकी एक निवडायची आहे. पहिली पीपीओ (नेहमीच्या पद्धतीची योजना): संपूर्ण कुटुंबासाठी पगारातून महिना ४०० डॉलर, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम) १,०००, नंतर २० टक्के आपले, वर्षात आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा ५,०००. दुसरी एचडीएचपी (हाय डिडक्टिबल हेल्थ प्लॅन, म्हणजे मोठ्या डिडक्टिबलची योजना): महिना २८० डॉलर, डिडक्टिबल ४,०००, नंतर २० टक्के, कमाल मर्यादा ९,०००, आणि कंपनी एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, औषधोपचारासाठीचं करसवलतीचं बचत खातं) खात्यात वर्षाला ५०० डॉलर घालणार. ऑफिसात सगळे म्हणतात, "एचएसए घ्या, टॅक्स वाचतो." दुसऱ्या बाळाचा विचार आहे. आईवडील उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणार आहेत. चार-पाच वर्षांत पुण्याला परतायचंही मनात आहे. तर एचएसए घ्यावं का?

एचएसए ही विमा योजना नव्हे, ते खातं आहे, आणि ते स्वतंत्रपणे निवडता येत नाही. निवडायची असते ती योजना; पात्र एचडीएचपी असेल तरच या खात्यात पैसे भरायचा हक्क मिळतो. म्हणून "एचएसए चांगलं की वाईट" यापेक्षा "या वर्षी आमच्या घराला कुठली योजना परवडते, आणि ती घेतली तर खात्यात आम्ही खरोखर किती पैसे टाकू शकतो" हा प्रश्न विचारा. माझ्या मते सगळा निर्णय या दुसऱ्या भागावर ठरतो.

खात्याचे नियम

अमेरिकेत हे खातं २००३ च्या मेडिकेअर कायद्यातून आलं आणि जानेवारी २००४ पासून सुरू झालं. त्याला तीन ठिकाणी कर सवलत आहे. भरताना त्या रकमेवर फेडरल आयकर लागत नाही. आत पैसे वाढतात त्यावर कर नाही. औषधोपचारासाठी काढले तर तेव्हाही कर नाही. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात यातलं एक टोक नेहमी सुटतं, इथे तिन्ही सवलती एकत्र मिळतात.

चौथा फायदा फारसा कुणी सांगत नाही. पैसे पगारातूनच कापून गेले तर त्यांवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के करही लागत नाही. तुम्ही स्वतः बँकेतून टाकले तर आयकराची वजावट मिळते, पण हे ७.६५ टक्के परत मिळत नाहीत. (पगार २०२६ मध्ये १,८४,५०० डॉलरच्या वर असेल तर त्या वरच्या भागावर मेडिकेअरचे १.४५ टक्केच वाचतील. ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी) असलेल्या, सुरुवातीची पाच वर्षं हा करच न भरणाऱ्या विद्यार्थ्यांना या बाबतीत काहीच वाचत नाही.)

आता तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट: न्यू जर्सी राज्य एचएसए मानत नाही. कॅलिफोर्नियाही मानत नाही. मराठी माणसं नेमकी या दोन राज्यांत भरपूर आहेत. राज्याच्या आयकरासाठी तुमचं योगदान हा साधा पगारच, म्हणून डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) राज्याच्या रकान्यातला पगार फेडरलपेक्षा मोठा दिसेल. ती चूक नसते. शिवाय खात्यात मिळालेलं व्याज, लाभांश, फंड विकून झालेला नफा दरवर्षी राज्याच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. खातं चालवणारी संस्था त्यासाठी वेगळा कागद पाठवेलच असं नाही; वर्षाचं स्टेटमेंट उतरवून ठेवा आणि आकडे स्वतः काढा. या राज्यांत खात्यात सारखी खरेदी-विक्री करू नये. एखादा कमी खर्चाचा इंडेक्स फंड घेऊन तसाच ठेवावा.

२०२६ च्या मर्यादा: एकट्यासाठी ४,४०० डॉलर, कुटुंबासाठी ८,७५०. वयाची ५५ वर्षं झालेल्यांना आणखी १,०००. कंपनीचे पैसेही याच मर्यादेत मोजतात, म्हणजे तुमच्या ५०० नंतर तुमच्या हाती ८,२५० उरतात. योजना पात्र ठरायला डिडक्टिबल एकट्यासाठी किमान १,७०० आणि कुटुंबासाठी ३,४०० असावं लागतं, आणि वर्षाची कमाल मर्यादा ८,५०० आणि १७,००० च्या आत. तुमची योजना यात बसते. तरी नुसतं "हाय डिडक्टिबल" हे नाव पाहून थांबू नका, योजनेच्या कागदावर एचएसए-पात्र असं लिहिलेलं हवं. मोठं डिडक्टिबल असूनही डॉक्टरांच्या साध्या भेटीला पहिल्या दिवसापासून को-पे (दर भेटीला ठरलेली रक्कम, बाकीचं विमा भरतो) लावणाऱ्या योजना असतात, त्या चालत नाहीत. (नोकरीतून विमा न घेता सरकारी बाजारातून घेणाऱ्यांसाठी २०२६ पासून तिथल्या ब्रॉन्झ आणि कॅटॅस्ट्रॉफिक योजनाही पात्र झाल्या आहेत. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण नोकरी नसलेल्या मित्राला सांगा.)

आता हिशेब

प्रीमियमही करापूर्वीच्या पगारातून जातो, म्हणून फरक "महिना १२० डॉलर, वर्षाला १,४४०" असा मोजू नका. तुमचा वरचा कराचा टप्पा २२ टक्के धरतो, त्यात ७.६५ मिळवले की २९.६५ टक्के. म्हणजे पीपीओचे वर्षाचे ४,८०० डॉलर खिशाला पडतात सुमारे ३,३७७ ला, आणि एचडीएचपीचे ३,३६० पडतात २,३६४ ला. खरा फरक १,०१३. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो: प्रीमियमची बचत करासकट मोजतात, आणि एचएसएची कर-बचत पुन्हा वेगळी.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. पीपीओ घेणाऱ्याला एफएसए (पगारातून औषधोपचारासाठी पैसे बाजूला ठेवायचं कंपनीतलं खातं) उघडता येतं, तेही करमुक्त. २०२६ मध्ये त्याची मर्यादा ३,४०० आहे. नुसतं पीपीओ आणि एचएसएसह एचडीएचपी अशी तुलना करणं पीपीओवर अन्याय करणारं आहे. तर तीन प्रकारची वर्षं घेऊ.

पहिलं, काहीच आजारपण नाही. वार्षिक तपासणी आणि लसी दोन्ही योजनांत फुकट असतात. पीपीओचा खर्च ३,३७७. एचडीएचपीचा २,३६४ वजा कंपनीचे ५००, म्हणजे १,८६४; आणि खातं पूर्ण भरलं तर ८,२५० वर २,४४६ कर वाचतो. शिवाय ते ८,२५० तुमचेच, खात्यात शिल्लक. इथे एचडीएचपी सरळ जिंकते.

दुसरं, मध्यम वर्ष: मुलीच्या कानाची तक्रार, एखादा एमआरआय, दोन-तीन स्पेशालिस्ट, मिळून विमा कंपनीच्या ठरलेल्या दराने ४,००० डॉलरची बिलं. पीपीओत तुमच्या वाट्याला १,००० अधिक उरलेल्या ३,००० चे २० टक्के, म्हणजे १,६००. तेवढेच एफएसएत टाकले असतील तर ४७४ कर वाचला. एकूण ४,५०३. एचडीएचपीत पूर्ण ४,००० तुमचे; २,३६४ अधिक ४,००० वजा ५०० म्हणजे ५,८६४, त्यातून खातं पूर्ण भरल्याची कर-बचत २,४४६ वजा केली की ३,४१८. म्हणजे एचडीएचपी हजारभर डॉलरने पुढे.

पण वर्षभरात खात्यात २,००० च टाकता आले तर? कर-बचत फक्त ५९३, आणि खर्च ५,२७१. मग पीपीओ साडेसातशेने पुढे. अशा वर्षात बरोबरी व्हायला सुमारे ४,६०० डॉलर खात्यात जावे लागतात. नवीन आलेलं कुटुंब गाडीचा हप्ता, घराचं डिपॉझिट आणि भारतातलं गृहकर्ज सांभाळत असतं. त्यातून महिन्याला ३८० डॉलर बाजूला निघतील का हे घरातल्या दोघांनी बसून ठरवा.

तिसरं, बाळंतपणाचं वर्ष. दवाखान्याचं बिल दोन्ही योजनांत कमाल मर्यादा गाठेल असं धरा. पीपीओ: ३,३७७ अधिक ५,००० म्हणजे ८,३७७, आणि एफएसए पूर्ण ३,४०० चं भरलं तर १,००८ वाचून ७,३६९. एचडीएचपी: २,३६४ अधिक ९,००० वजा ५०० वजा २,४४६, म्हणजे ८,४१८. हजार डॉलरने पीपीओ स्वस्त, आणि तेही एचएसए काठोकाठ भरल्यावर. भरलं नाही तर अंतर आणखी वाढतं.

एफएसएची एक सोय या वर्षी फार उपयोगी पडते: वर्षाची ठरवलेली पूर्ण रक्कम १ जानेवारीलाच वापरता येते, पगारातून कापली जायच्या आधी. एचएसएत जेवढे जमा झाले तेवढेच हातात असतात. फेब्रुवारीत मोठं बिल आलं आणि खात्यात ७०० डॉलर असले, तर उरलेले आधी खिशातून द्यायचे, आणि खातं भरेल तसे स्वतःला परत घ्यायचे.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर बाळाच्या तारखेवर अवलंबून आहे. डिडक्टिबल कॅलेंडर वर्षाने चालतं आणि दर १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येतं. गर्भधारणा साधारण मार्चअखेरीच्या आत झाली तर बाळ त्याच वर्षी येईल. एप्रिलनंतर झाली तर पुढच्या वर्षी. आत्ता दिवस गेलेले असतील, किंवा येत्या दोन-तीन महिन्यांत तशी शक्यता असेल, तर २०२६ ला पीपीओ आणि सोबत एफएसए घ्या. विचार वर्षाच्या उत्तरार्धाचा असेल तर २०२६ ला एचडीएचपी घेऊन खातं भरा आणि २०२७ ला पीपीओवर जा. खात्यातली शिल्लक पीपीओवर गेल्यावरही वापरता येते. नवे पैसे भरता येत नाहीत एवढंच. इथल्या बऱ्याच स्त्रीरोगतज्ज्ञ प्रसूतीपूर्व भेटी आणि बाळंतपण मिळून एकच बिल प्रसूतीनंतर लावतात, त्यामुळे मोठा भार बाळ येईल त्या वर्षावर पडतो. सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या मात्र त्या-त्या वेळी वेगळ्या लागतात. बाळाचं नाव जन्मापासून ३० दिवसांत योजनेत घालायला विसरू नका. बाळाची बिलं पहिल्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या नावावर येतात.

एक सापळा आत्ताच सांगतो. एका वर्षी एफएसए आणि पुढच्या वर्षी एचएसए असं करायचं असेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत एफएसए शून्यावर आणा. साध्या एफएसएतली शिल्लक पुढच्या वर्षात ओढली गेली तर त्या वर्षी एचएसएत भरण्याची पात्रता जाते. चष्मा, दात, औषधपेटी, जे काही बाकी असेल ते डिसेंबरातच करून घ्या.

एचआरला आणखी एक विचारा: कुटुंबाचं ४,००० चं डिडक्टिबल एकत्रित आहे की माणशी वेगळं? एकत्रित असेल तर एकट्या मुलीच्या आजारपणातही पूर्ण ४,००० भरल्याशिवाय विमा पैसे द्यायला लागत नाही. पीपीओत बहुधा माणशी डिडक्टिबल असतं आणि एका माणसाचं लवकर पूर्ण होतं. दोन्ही योजनांचा मूळ कागद मागून हे वाक्य शोधा. एनरोलमेंटच्या पोर्टलवर ते सहसा दिसत नाही.

पात्रता कुठे जाते

एचडीएचपीसोबत दुसरा साधा आरोग्य विमा असला की खात्यात भरता येत नाही. सगळ्यात नेहमीची चूक जोडीदाराच्या एफएसएची. पुढे बायकोला नोकरी लागली आणि तिने तिच्या कंपनीत साधं एफएसए घेतलं, तर त्यातून तुमचेही खर्च भागू शकतात म्हणून तुमची पात्रता गेली, एक पैसाही तुमच्यासाठी वापरला नसला तरी. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए चालतं. भारतातल्या सासरच्या किंवा माहेरच्या फॅमिली फ्लोटरमध्ये तुमचंही नाव अजून असेल तर तेही पाहा. कायद्यात परदेशी विम्याला वेगळी सूट लिहिलेली नाही, तेव्हा भरण्याआधी कर सल्लागाराला ती पॉलिसी दाखवा. व्हिसाचा मात्र प्रश्न नसतो. एच-१बी, एल-१ कुठलाही असो, अटी विम्याच्या आहेत.

पात्रता महिन्याच्या १ तारखेला मोजतात. विमा १० तारखेला सुरू झाला तर पुढच्या महिन्यापासून. वर्षात ८ महिने पात्र असाल तर कुटुंबाची मर्यादा ८,७५० चे आठ बारांश, ५,८३३ डॉलर. याला एक पळवाट आहे: १ डिसेंबरला पात्र असाल तर पूर्ण वर्षाची रक्कम भरता येते, पण मग पुढचं अख्खं वर्ष, ३१ डिसेंबरपर्यंत, पात्र राहावं लागतं. मध्येच नोकरी बदलून पीपीओ घेतला किंवा भारतात परतलात, तर जादा भरलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि वर १० टक्के दंड. व्हिसावर असलेल्यांनी या पळवाटेच्या नादी न लागता महिन्यांच्या हिशेबाने भरलेलं बरं.

नोकरी बदलली की दुसरी चूक होते: नव्या कंपनीला जुन्या कंपनीतल्या कपातीची माहितीच नसते, आणि मिळून मर्यादा ओलांडते. जादा रकमेवर ती खात्यात राहील तितकी वर्षं दरवर्षी ६ टक्के दंड आहे. लक्षात आलं की खातं चालवणाऱ्या संस्थेकडे जादा योगदान काढण्याचा अर्ज करा, त्यावरच्या नफ्यासकट, विवरणपत्राच्या मुदतीआधी. नुसते पैसे काढून घेतले तर ते औषधोपचाराव्यतिरिक्तचे ठरतात. अर्ज तोच आणि नेमका हवा. पगारातली कपात वर्षाच्या मध्ये बदलता येते, महिन्यातून एकदा तरी कंपनीला ती सोय द्यावीच लागते, म्हणून जानेवारीत कमी ठेवून नंतर वाढवायलाही हरकत नाही.

खातं उघडल्यावर

विमा सुरू होईल त्याच दिवशी खातं उघडा आणि त्यात थोडे तरी पैसे टाका, २५ डॉलरही चालतील. खातं सुरू होण्याआधीच्या कुठल्याही बिलाला हे पैसे वापरता येत नाहीत. १ जानेवारीला विमा सुरू, ८ तारखेला आपत्कालीन कक्ष आणि २० तारखेला खातं, अशी बरीच माणसं अडकतात.

बिल आलं की लगेच कार्ड घासू नका. दवाखाना दावा विमा कंपनीकडे पाठवतो, विमा कंपनी ठरलेला दर लावून तुम्हाला ईओबी (दाव्याचा हिशेब सांगणारा कागद) पाठवते, त्यावर "तुम्ही देणं लागता" अशी रक्कम असते. दवाखान्याचं बिल त्या रकमेशी जुळलं तरच भरा. डिडक्टिबल पूर्ण व्हायच्या आधीही हा सवलतीचा दर तुम्हाला मिळतो, म्हणून विमा कार्ड न दाखवता रोख भरू नका. ती रक्कम डिडक्टिबलमध्ये मोजलीही जात नाही. औषधाच्या दुकानात कूपनची किंमत विम्यापेक्षा कमी असू शकते, पण कूपन वापरलं की सहसा तेही डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. वर्षाच्या शेवटी, डिडक्टिबल पूर्ण होणार नाही हे दिसत असेल, तेव्हाच कूपनचा विचार करावा.

वार्षिक तपासणी फुकट असते म्हणून तिथे जुनी पाठदुखी काढली, तर त्या भागाचं वेगळं निदान म्हणून बिल लागू शकतं, आणि एचडीएचपीत ते पूर्ण तुमच्यावर. बोलू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, आजार लपवून पैसे वाचवायचे नसतात. पण बिल का आलं ते कळलं पाहिजे, आणि तपासणीच चुकून निदान म्हणून नोंदली असेल तर दवाखान्याच्या बिलिंग विभागाला फोन करून कोड दुरुस्त करून घेता येतो.

पैसे कशाला चालतात? डॉक्टर, दवाखाना, चाचण्या, दातांची कामं, चष्मा, लेन्स, मुलांच्या दातांची तार, आणि २०२० पासून चिठ्ठीशिवायची औषधं आणि सॅनिटरी पॅडसुद्धा. जिमची वर्गणी नाही, शक्तिवर्धक चूर्णं नाहीत, विम्याचा हप्ता साधारणपणे नाही. नोकरी गेल्यावर कोब्राचा (जुन्या कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याचा) हप्ता मात्र चालतो, आणि व्हिसावर असलेल्यांना हे आधीच माहीत असावं. चुकीच्या कामाला काढले तर त्या रकमेवर आयकर आणि वर २० टक्के दंड. वयाची ६५ वर्षं झाल्यावर दंड जातो, आयकर राहतो.

भारतात घेतलेले उपचारही चालतात. सुट्टीत पुण्याला जाऊन रूट कॅनाल आणि कॅप करून घेतली, तर त्याचे पैसे या खात्यातून परत घेता येतात. पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख, काय केलं, रक्कम आणि दवाखान्याचा शिक्का हवा. त्या दिवसाचा डॉलरचा दर छापून पावतीला जोडा. विमानाचं तिकीट त्यात धरायचं नाही. भारतात असताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन तिथेच वापरलेली औषधं चालतात, बॅगेत भरून अमेरिकेत आणलेली चालत नाहीत.

परत घ्यायला मुदत नाही, हे या खात्याचं मोठं वैशिष्ट्य. २०२६ ची पावती २०४० मध्येही चालते, फक्त तो खर्च आधी कुठून परत घेतलेला किंवा विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवलेला नसावा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून वर्षाप्रमाणे फोल्डरमध्ये ठेवा, सोबत ईओबी. काही जण बिलं खिशातून भरून खातं वाढू देतात. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि ४०१(के) मध्ये कंपनी जोडीला घालते ते पैसे पूर्ण घेऊन झाले आहेत, त्यांनी तसं करावं. क्रेडिट कार्डावर २० टक्क्यांहून जास्त व्याज भरत असताना एचएसए जपून ठेवणं चुकीचं आहे. तुमच्या परिस्थितीत निदान डिडक्टिबलएवढे ४,००० रोख ठेवून मगच उरलेले फंडात घाला.

कंपनी ज्या संस्थेत खातं उघडते तीच धरून बसायची गरज नाही. काही ठिकाणी महिन्याचं शुल्क असतं, काही ठिकाणी पहिले हजार-दोन हजार रोख राहिल्याशिवाय गुंतवणूक करता येत नाही. पगारातून कपात कंपनीच्याच खात्यात जाऊ द्या, कारण ७.६५ टक्के तिथेच वाचतात, आणि वर्षातून एक-दोनदा ते पैसे आपल्या पसंतीच्या खात्यात संस्थेकडून संस्थेकडे हलवा. अशा हस्तांतराला संख्येची मर्यादा नाही. धनादेश आपल्या नावावर घेऊन स्वतः हलवलं तर ६० दिवसांची मुदत आणि १२ महिन्यांत एकदाच. फिडेलिटीच्या व्यक्तिगत एचएसएला खाते शुल्क नाही आणि गुंतवणुकीला किमान शिल्लक लागत नाही. तुलना करायला तिथून सुरुवात करा.

विवरणपत्रात फॉर्म ८८८९ भरावाच लागतो, एक डॉलर भरला किंवा काढला असला तरी. डब्ल्यू-२ च्या १२ व्या चौकटीत डब्ल्यू अक्षरापुढे जी रक्कम दिसते तिच्यात कंपनीचे आणि पगारातून गेलेले तुमचे असे दोन्ही पैसे असतात. सॉफ्टवेअरमध्ये तीच रक्कम पुन्हा "मी स्वतः भरली" म्हणून टाकली की जादा योगदान दिसायला लागतं आणि माणूस घाबरतो. वर्षाची उरलेली रक्कम पुढच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येते.

आईवडील, आणि परतीचा प्रवास

आईवडिलांच्या खर्चाला हे खातं सहसा वापरता येत नाही. खर्च तुमचा, जोडीदाराचा किंवा कराच्या दृष्टीने तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचा हवा, आणि अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. बी-२ (पर्यटक) व्हिसावर सहा महिने आलेले भारतीय आईवडील सहसा त्यात बसत नाहीत, तुम्ही त्यांचा पूर्ण खर्च करत असलात तरी. त्यांच्या व्हिजिटर विम्याचा हप्ताही या खात्यातून भरू नका. त्यांच्यासाठी वेगळे पैसे ठेवा, आणि विमा घेताना जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाला किती रकमेपर्यंत संरक्षण आहे ते वाचून घ्या. जोडीदाराला मात्र रहिवासाची अट नाही. बायको काही महिने पुण्यात राहिली आणि तिथे खर्च झाला तर तो चालतो.

परत जाताना खातं बुडत नाही. ते तुमचंच राहतं, नोकरी सुटली तरी आणि देश सोडला तरी. विमा संपला की नवीन भरणं थांबतं, पण पुण्यातल्या दवाखान्याच्या बिलाला काढलेले पैसे अमेरिकेच्या आयकरात तेव्हाही करमुक्त. दोन गोष्टी निघण्याआधी करा. सगळ्याच संस्था भारतातला पत्ता स्वीकारत नाहीत, तेव्हा अमेरिकेत असतानाच विचारून गरज असेल तर खातं हलवा. आणि पैसे जमा व्हायला एक अमेरिकी बँक खातं चालू ठेवा. भारतात बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यांना पहिली दोन-तीन वर्षं सहसा आरएनओआर (रहिवासी, पण अजून पूर्ण रहिवासी नव्हे) दर्जा मिळतो. त्यानंतर तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की परदेशातलं उत्पन्न भारतात करपात्र होतं आणि हे खातं विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावं लागतं. भारतीय आयकरात एचएसएला स्वतंत्र सवलत नाही, म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या पावत्यांचे पैसे पूर्ण रहिवासी व्हायच्या आधीच काढून घ्यावेत.

खातं उघडताना वारस म्हणून जोडीदाराचं नाव लिहा. जोडीदाराकडे ते एचएसए म्हणूनच जातं. मुलगी किंवा भाऊ वारस असेल तर खातं तिथेच बंद होतं आणि पूर्ण रक्कम त्यांच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आईचं किंवा भावाचं नाव असतं. लॉग-इन करून तेवढं एकदा पाहून घ्या.